ती पुस्तकं मुलांच्या हातातून काढून घेऊ नका : शाळांच्या ग्रंथालय समित्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांच्या ग्रंथालय समित्यांचे सदस्य, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. या वर्षी आमच्याकडे एका शाळेचं पत्र आलं. आपल्या विद्यार्थ्यांना नकारात्मक, हिंसक आणि बेशिस्तीला उत्तेजन देणारी पुस्तकं देऊ नयेत, अशी विनंती होती आणि खाली पुस्तकांची यादी जोडली होती. यादीत 'द हंगर गेम्स' होतं, 'डायव्हर्जंट' होतं, 'द गिव्हर' होतं. मुलं ज्यांना 'डिस्टोपियन' म्हणतात त्या सगळ्या कादंबऱ्या: बिघडलेलं, जुलमी भविष्य आणि त्यात अडकलेली बारा-सोळा वर्षांची मुलं. शाळेचं नाव मी लिहिणार नाही, कारण प्रश्न त्या एका शाळेचा नाही. हीच पुस्तकं कपाटातून काढून कार्यालयात ठेवल्याचं मी इतर ठिकाणच्या मुलांकडूनही ऐकलं आहे, आणि "हिला असलं काहीतरी वाचायची सवय लागलीये, तुम्ही जरा चांगलं द्या ना" असं काळजीने सांगायला येणारे आईबाबा तर मला नेहमीच भेटतात.

त्या काळजीबद्दल मला आदर आहे. म्हणूनच उत्तर सविस्तर लिहिते आहे.

आधी, ही पुस्तकं मुलं वाचतात कशी ते सांगते. आमच्याकडच्या 'द हंगर गेम्स'च्या प्रतीची पाठ चिकटपट्टीवर उभी आहे. आठवीतली एक मुलगी ती वाचत बसली होती. मध्येच उठून माझ्याकडे आली आणि तिने कोरा कागद मागितला. तिला हिशोब करायचा होता. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: पॅनेम नावाच्या देशात राजधानीच्या टाचेखाली बारा जिल्हे आहेत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाची एक मुलगी आणि एक मुलगा सोडतीने निवडतात. ही चोवीस मुलं एका रिंगणात सोडली जातात आणि एकच जिवंत उरेपर्यंत कॅमेऱ्यांसमोर एकमेकांना मारतात. सोडतीचा नियम असा की बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते आणि पुढे दरवर्षी एकेक वाढत जाते. घरात खायला नसेल तर आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकून एका माणसापुरतं वर्षभराचं धान्य आणि तेल घेता येतं. या जादा चिठ्ठ्याही साठत जातात. कादंबरीची नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. तिच्या घरात ती, आई आणि धाकटी बहीण अशी तीन माणसं. म्हणजे दरवर्षी एक सक्तीची आणि तीन धान्याच्या, मिळून चार. बारा ते सोळा, पाच वर्षं. मुलीने कागदावर चार पंचे वीस लिहिलं. शेजारी मेयरच्या मुलीच्या पाच चिठ्ठ्या लिहिल्या, कारण तिला धान्यासाठी नाव टाकायची कधी वेळच आलेली नाही. मग खाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, म्हणजे सोडत सगळ्यांसाठी सारखी नाहीच."

सोडत अन्यायाची आहे हे कादंबरीत कॅटनिसही सांगते. पण या मुलीने ते नुसतं वाचून सोडलं नाही, स्वतः हिशोब मांडून ताडून पाहिलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समानतेवर धडा आहे, प्रश्नोत्तरं आहेत, त्यात तिला पैकीच्या पैकी मार्कही पडत असतील. पण वरून सारखा दिसणारा नियम आतून सारखा नसतो, हे तिला त्या दिवशी उमगलं. तेही कोणी न शिकवता, पेन्सिल हातात घेऊन.

मुलांना या कादंबऱ्या का आवडतात याचं माझं उत्तर इथेच आहे. तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत आपण मुलांना एकच हिशोब शिकवलेला असतो. नियम ठीक आहेत, रांग सरळ आहे, तू मागे पडलास तर तूच कमी पडलास. अभ्यास कमी, लक्ष कमी, मोबाईल जास्त. हे खोटं असतं असं नाही, पण ते अपुरं असतं, आणि ते अपुरं आहे हे त्या वयातल्या मुलाला जाणवू लागलेलं असतं. फक्त ते बोलायला त्याच्याकडे काही नसतं. तो चिडतो, दार आपटतो, उलट बोलतो. अशा वेळी त्याच्या हातात एक गोष्ट पडते. तिच्यात त्याच्याच वयाची मुलगी आहे, तिच्यावरही नियम लादलेले आहेत, आणि ते नियम कोणी केले, कोणाच्या सोयीचे केले, हे ती विचारते. दोष आपल्यातच असेल असं नाही, तो नियमातही असू शकतो, ही शक्यता त्याला पहिल्यांदा कोणीतरी उघड बोलून दाखवते. त्या वयाच्या मुलाला याहून मोठा दिलासा दुसरा नाही.

आणि हे सगळं त्यांना परक्या देशाचं वाटत नाही. 2024च्या नीटचं आठवून बघा. 5 मे रोजी परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा 67 मुलांना 720 पैकी 720 गुण होते. वेळ वाया गेला म्हणून 1563 परीक्षार्थींना वाढीव गुण दिल्याचं बाहेर आलं. पेपरफुटीच्या बातम्या आल्या, तपासाचे धागे लातूरपर्यंत पोचले. 13 जूनला सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आलं की ते वाढीव गुण रद्द, हवं तर 23 जूनला पुन्हा परीक्षा द्या. आता 'द हंगर गेम्स'चा शेवट बघा. खेळ मध्यावर आल्यावर आयोजक जाहीर करतात की एकाच जिल्ह्याची दोन मुलं जगली तर दोघंही विजेती. त्या आशेवर दोघं एकमेकांना सांभाळत शेवटपर्यंत पोचतात, आणि तिथे पुन्हा घोषणा होते: तो बदल मागे घेतला आहे, एकच उरेल. त्या वर्षी बारावीतून बाहेर पडलेला, नीट दिलेला एक मुलगा हे प्रकरण वाचून मला म्हणाला, "हे तर एनटीए आहे." एनटीए म्हणजे नीट घेणारी सरकारी संस्था. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलाचा तो आवाज होता. अशा मुलाला "निराशाजनक वाचू नकोस" असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

'डायव्हर्जंट'चंही तसंच. व्हेरोनिका रॉथने ती कॉलेजात असताना लिहायला घेतली आणि 2011 साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या शिकागो शहरात सगळी माणसं पाच गटांत वाटलेली आहेत आणि सोळाव्या वर्षी, एका चाचणीनंतर, प्रत्येकाने आपला गट निवडायचा असतो. निवड एकदाच. नायिकेची चाचणी सांगते की ती एका गटात मावतच नाही, आणि चाचणी घेणारी बाई तिला बजावते की हे कोणाला कळू देऊ नकोस. आपल्याकडे दहावीचा निकाल लागतो तेव्हा मूल पंधरा-सोळाचंच असतं. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, हे घरातल्या बैठकीत ठरतं. त्यानंतर क्लासमध्ये दर चाचणीगणिक बॅच बदलते: वरच्या मार्कांची वेगळी, खालच्यांची वेगळी, शिक्षकही वेगळे. गणितही आवडतं आणि तबलाही आवडतो, इतिहासही वाचावासा वाटतो, असं मूल आपलं हे 'न मावणं' लपवायला फार लवकर शिकतं. त्याला ती कादंबरी आपली वाटली तर नवल काय.

कॅमेऱ्यांविषयीही थोडं. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1967 साली मांडलं होतं की किशोरवयात मुलांच्या मनात एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना सतत वाटतं. आजच्या मुलांच्या बाबतीत तो प्रेक्षक काल्पनिक राहिलेला नाही. बदलापूरच्या घटनेनंतर 2024च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. त्यामागचं कारण इतकं गंभीर आहे की मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण त्या कॅमेऱ्याखाली बसून, संध्याकाळी इन्स्टाग्रामवर लाइक मोजून, रात्री फोनवर आईला लोकेशन पाठवणाऱ्या मुलीला कॅमेऱ्यांच्या रिंगणातली कॅटनिस समजावून सांगावी लागत नाही. कॅटनिसला रिंगणात मदत हवी असेल तर प्रेक्षकांना आवडेल असं प्रेम दाखवावं लागतं, आणि आपल्याला खरंच काय वाटतंय हे तिचं तिलाच कळेनासं होतं. हा गुंता मुली मला ज्या बारकाईने समजावून सांगतात, तो ऐकून मी गप्प होते.

शाळेच्या पत्रात तीन शब्द होते. आता ते एकेक करून घेते.

पहिला शब्द 'हिंसक'. होय, या पुस्तकांत हिंसा आहे. पण ती पहिल्यांदा मुलांपर्यंत कोणी पोचवली, आठवून बघा. बकासुराची गोष्ट आपण पाच वर्षांच्या पोराला झोपताना सांगतो. एकचक्रा नगरीने राक्षसाशी करार केलेला असतो: दरवेळी एका घराने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. पाळी आलेल्या घरात कोणी मरायचं यावर आई, बाप आणि मुलगी वाद घालतात, प्रत्येकजण आपला जीव पुढे करतो. आदिपर्वात या प्रसंगी एक बारीकशी जागा आहे. बोबडं बोलणारा धाकटा मुलगा गवताची काडी उचलतो आणि म्हणतो, मी हिने राक्षसाला मारतो. पाळीपाळीने माणूस द्यायचा, नगराने ते निमूटपणे चालवून घ्यायचं, आणि काडी एका पोराने उचलायची. ही 'द हंगर गेम्स'चीच गोष्ट आहे. तिची लेखिका सुझान कॉलिन्स हिने स्वतः सांगितलं आहे की तिच्या मनात लहानपणी वाचलेली थीसिअसची ग्रीक कथा होती. तिच्यात अथेन्सला आपली सात मुलं आणि सात मुली क्रीट बेटावरच्या राक्षसाकडे पाठवाव्या लागतात. शिवाय, एका रात्री टीव्हीची चॅनेलं बदलताना तिला एकीकडे स्पर्धेचा रिॲलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखी वाटली. अभिमन्यूला चक्रव्यूहात पाठवणारे त्याचे काकाच होते, आणि बाहेर पडायचं त्याला येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ती गोष्ट आपण मुलांना शौर्याची म्हणून सांगतो. मोठ्यांच्या युद्धात पोर गेलं, या बाजूने ती मुलांनी वाचली तर आपण अस्वस्थ का व्हावं?

जपानमध्ये 2000 साली 'बॅटल रोयाल' नावाचा चित्रपट आला, कोशुन ताकामी यांच्या 1999च्या कादंबरीवरचा. नववीच्या वर्गातल्या मुलांना एका बेटावर सोडून एकमेकांना मारायला लावतात, अशी गोष्ट. तिथल्या संसदेत त्याच्यावरून गदारोळ झाला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तो बघायला बंदी झाली. दिग्दर्शक होते किंजी फुकासाकू, तेव्हा सत्तरीतले. 1945 साली ते स्वतः पंधरा वर्षांचे होते आणि वर्गातल्या मुलांसोबत दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपले गेले होते. तोफांचा मारा झाला, मुलं एकमेकांच्या अंगाखाली लपली, आणि मेलेल्या मित्रांची प्रेतं जगलेल्या मुलांनी उचलली. मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलली, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि पुढे पंचावन्न वर्षं ते त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यांचा चित्रपट रक्ताने भरलेला आहे आणि तो मी आठवीच्या मुलांना दाखवणार नाही. पण त्या रक्तामागचा माणूस पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाजूने उभा होता, हे विसरून नुसतं 'हिंसक' म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरा शब्द 'नकारात्मक'. त्यावर लोइस लोरीची 'द गिव्हर' मी पुढे ठेवते. 1993 साली आलेली ही छोटी कादंबरी. पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं आणि त्याच दशकात तिथल्या शाळांतून ती काढून टाकण्याच्या मागण्याही वारंवार झाल्या. तिच्यातल्या गावात दुःख नाही, भांडण नाही, रंग नाहीत, आठवणी नाहीत. बाराव्या वर्षी वडीलधारी मंडळी प्रत्येक मुलाचं काम ठरवून देतात. सगळ्या आठवणी एकाच म्हाताऱ्या माणसाकडे सांभाळायला दिलेल्या असतात आणि जोनस नावाच्या मुलाची निवड त्याच्यानंतर त्या सांभाळण्यासाठी होते. लोरीला हे सुचलं ते वडिलांकडे बघून. ते वृद्धाश्रमात होते, त्यांची स्मृती चालली होती, आणि आपली थोरली मुलगी तरुणपणीच वारली हेही ते विसरून गेले होते. विसरल्यामुळे ते सुखात होते. मग, दुःख विसरायला लावणं बरं की वाईट, हा प्रश्न घेऊन तिने मुलांसाठी कादंबरी लिहिली.

"मुलांना फक्त सकारात्मक द्या" असं आपण म्हणतो, तेव्हा जोनसचं गावच आपल्याला हवं असतं. पण मुलांना दुःख आधीच माहीत असतं. आज नववी-दहावीत असलेली मुलं कोविड आला तेव्हा प्राथमिक शाळेत होती. कोणाचे आजोबा गेले, कोणाच्या बाबांची नोकरी गेली, आणि त्याबद्दल त्यांच्याशी कोणी नीट बोललं नाही. राजस्थानातल्या कोटा शहरात 2023च्या ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचे आदेश दिले, कुणी गळफास घेऊ नये म्हणून. आपल्या राज्यातूनही मुलं तिथे प्रवेशपरीक्षांच्या क्लासला जातात. ज्या मुलाच्या खोलीत तसा पंखा फिरतो, त्याला बिघडलेल्या जगाची कल्पना कादंबरीतून मिळत नाही. कादंबरीत त्याला दुसरं काहीतरी मिळतं. हे बरोबर नाही असं म्हणणारं कोणीतरी, आणि ते म्हणूनही शेवटच्या पानापर्यंत जगणारं कोणीतरी. जोनस गाव सोडून निघतो तो एका तान्ह्या मुलाला वाचवण्यासाठी. कॅटनिस रिंगणात जाते ती धाकट्या बहिणीच्या जागी. नकारात्मक म्हणवल्या जाणाऱ्या या पुस्तकांचा कणा जवळपास प्रत्येक वेळी असा, आपल्याहून लहान कोणालातरी वाचवण्याचा असतो.

तिसरा शब्द 'बेशिस्त'. तीनपैकी सगळ्यात प्रामाणिक शब्द हाच आहे, आणि इथे मी काही लपवणार नाही. ही पुस्तकं वाचून मुलं प्रश्न विचारतात. कधी कधी त्याहून पुढे जातात. थायलंडमध्ये मे 2014 मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा लोकांनी निषेधासाठी 'द हंगर गेम्स'मधली तीन बोटांची खूण उचलली. मूळ कादंबरीत ती बाराव्या जिल्ह्यातली जुनी खूण आहे: आभार, आदर आणि प्रिय माणसाचा निरोप. त्या नोव्हेंबरात खोन केन शहरात पंतप्रधानांच्या समोर काही विद्यार्थ्यांनी ती खूण केली आणि त्यांना धरून नेण्यात आलं. 2020 साली तिथल्या शाळकरी मुलांनी सकाळच्या राष्ट्रगीताच्या वेळी, मैदानात रांगेत उभं राहून, तीन बोटं वर केली. दप्तरांना पांढऱ्या फिती बांधल्या. स्वतःला 'वाईट विद्यार्थी' म्हणवणाऱ्या एका गटाने शिक्षण मंत्रालयासमोर निदर्शनं केली. त्यांच्या मागण्या काय होत्या? केसांच्या लांबीवरून अपमान नको. शिक्षकांनी मारू नये. शाळेत होणाऱ्या छळाची दाद लागावी. अभ्यासक्रम काळाला धरून असावा. यातली एकही मागणी अशी नाही की जी ऐकून तुमच्यातल्या कुठल्याही समंजस शिक्षकाने कानावर हात ठेवावेत. मुलं जाळपोळ करत नव्हती. ती रांगेतच उभी होती आणि रांगेत उभं राहूनच बोलत होती.

तेव्हा होय, या पुस्तकांमुळे तुमच्या शाळेतली एखादी मुलगी विचारेल की शिक्षा पूर्ण वर्गाला का. एखादा मुलगा विचारेल की सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावं फळ्यावर का लिहिली. हे प्रश्न अवघड आहेत, मान्य आहे. पण त्यांचं उत्तर देणं हे शाळेचंच काम आहे.

पुस्तकांना कात्री लावून हा प्रश्न सुटत नाही, याचंही उदाहरण आहे. रे ब्रॅडबरी यांनी 1953 साली 'फॅरनहाइट 451' लिहिली, पुस्तकं जाळणाऱ्या सरकारची गोष्ट. 1967 पासून तिच्या प्रकाशकाने शाळांसाठी एक आवृत्ती काढली आणि तिच्यातले डझनावारी उल्लेख लेखकाला न विचारता बदलले किंवा गाळले. ब्रॅडबरींना ते पुढे बारा वर्षांनी कळलं, आणि तेही वाचकांमुळे. त्या काळच्या मुलांच्या तुलनेत आजच्या मुलांची परिस्थिती तर आणखी वेगळी आहे. तुम्ही कपाटातून काढलेलं पुस्तक त्यांना पीडीएफमध्ये पाच मिनिटांत मिळतं. फरक इतकाच पडतो की मग मुलं ते एकटी वाचतात, आणि वाचून काय वाटलं ते तुम्हाला सांगत नाहीत.

तुमची काळजी जिथे रास्त आहे तिथे मी तुमच्याबरोबर आहे. 'द हंगर गेम्स' पाचवीच्या मुलाच्या हातात द्यायचं पुस्तक नाही. ते आणि त्यावरचे चित्रपट गाजल्यावर त्याच साच्यातली कितीतरी पुस्तकं निघाली, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नुसती मारामारी आणि प्रेमाचा त्रिकोण आहे. ती नाही घेतली तरी काही बिघडत नाही. एखादं मूल महिनोन्‌महिने मरणाचंच वाचत असेल, मित्रांपासून तुटत चाललं असेल, जेवणझोप बिघडली असेल, तर विषय पुस्तकाचा उरत नाही. अशा वेळी त्याच्याशी बोलायला हवं, समुपदेशकाकडे न्यायला हवं. पुस्तक तेवढं काढून घेतलं तर त्याच्याकडे असलेला बोलायचा एक विषयही जातो.

एक खंत मात्र बोलून दाखवते, जरी ती तुमच्यापेक्षा लेखक-प्रकाशकांना जास्त लागू आहे. आपल्या किशोरवाङ्मयात धाडस कमी नाही. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेवर आमच्या पिढ्या वाढल्या आणि आजही बालविभागात त्याला मागणी असते. पण फास्टर फेणेच्या जगात चोर हे चोर असतात, व्यवस्था मुळात चांगली असते, आणि शेवटी कोणीतरी भलं मोठं माणूस पाठीवर थाप मारतं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेला एक मोठा रस्ता मिळाला. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आहे. इतकं सगळं असताना, लातूरच्या वसतिगृहातल्या सोळा वर्षांच्या मुलीला उद्देशून, तिच्या बोलीत, तिच्या चाचण्या, तिची रँक, तिच्या गावची आटलेली विहीर घेऊन लिहिलेली अशी एक मूळ मराठी कादंबरी मुलांनी मागितली, तर माझ्या कपाटात हात घालून मला ती काढून देता येत नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं शिकागो आणि पॅनेममध्ये स्वतःला शोधतात. मराठी माध्यमातली मुलं त्यांच्याकडून गोष्ट ऐकतात आणि विचारतात, "मॅडम, हे मराठीत आहे का?" ही दुसरी मुलं माझ्या मनाला जास्त लागून राहतात. तुमच्या शाळांनी मागणी केली, तर कोणीतरी लिहील आणि कोणीतरी छापेल.

आता माझ्या विनंत्या.

जी पुस्तकं कार्यालयात नेऊन ठेवली आहेत, ती आठवी ते बारावीच्या मुलांसाठी परत कपाटात लावा. ग्रंथालय समितीत आठवीच्या वरच्या वर्गातला एक मुलगा आणि एक मुलगी घ्या. कोणती पुस्तकं घ्यायची हे ठरवताना त्यांचंही मत विचारा आणि ते नोंदवा. एखाद्या पुस्तकाबद्दल तक्रार आली तर तक्रार करणाऱ्याने आणि समितीतल्या निदान दोघांनी ते आधी पूर्ण वाचावं, मग निर्णय घ्यावा. कुठलीतरी चार पानं व्हॉट्सॲपवर फिरली म्हणून पुस्तक काढलं जाऊ नये. मराठीच्या किंवा इंग्रजीच्या तासाला, वर्षातून एकदा तरी, यातल्या एका पुस्तकावर मुलांना बोलू द्या. त्याला गुण ठेवू नका. नाहीतर गाइड निघेल.

आणि सुरुवात म्हणून 'द गिव्हर' स्वतः वाचा. दोन संध्याकाळींत होते. जोनसचे वडील गावातल्या तान्ह्या बाळांना सांभाळतात. अतिशय मायाळू माणूस. आपले हेच वडील नियमाप्रमाणे काय करतात हे तो मुलगा एका रेकॉर्डिंगमध्ये बघतो, त्या प्रकरणापर्यंत तरी थांबू नका. ते वाचून झालं की आपल्या शाळेतल्या ज्या मुलाने ते पुस्तक वाचलं आहे त्याला बोलावून विचारा, त्याला त्या ठिकाणी काय वाटलं. तुमच्या शाळेत प्रत नसेल तर आमच्या बालविभागात दोन आहेत. शनिवारी दुपारी चारपासून मी तिथे असते. शाळेचं पत्र आणायची गरज नाही, तुमच्या नावावर लिहून देईन.

आपली,
एक बालविभाग ग्रंथपाल